काकांचा हात

शुभेच्छापत्रावर काकू एकट्याच हसत उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर एक पुरुषी हात होता. हाताला मालक नव्हता. छपाईच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे, त्या काकू आणि कार्ड तयार करणारी त्यांची पुतणी ते न्याहाळत होत्या.

"अगं, साठावा वाढदिवस तुझ्या काकांचा, आणि कार्डावर मी!"

"हात आहे ना त्यांचा, काकू."

"या घरात मला कोणी हिंगलत नाही, विचारत नाही, असं ते रोज म्हणतात. आता छापील पुरावा मिळेल. तासाभरात पाहुणे येतील!"

"मी त्यांना पुसलेलं नाही, शपथ!"

"मग गेले कुठे?"

"लॅपटॉपवर बघते. काल मागच्या भिंतीचा रंग बदलताना ते मध्ये येत होते..."

"ते पस्तीस वर्षं मध्ये येताहेत. मी गायब केलं का?"

"सापडले! दादा, हे नवीन छापा."

"पाच मिनिटं थांबा, ताई."

फोटोतली भिंत रंगवताना पुतणीने काकांचा लेअर, म्हणजे चित्रातला त्यांचा वेगळा थर, लपवला होता आणि नंतर तो पुन्हा दाखवायला ती विसरली होती. हात काकूंच्या खांद्यापुढे दिसावा म्हणून तो वेगळ्या लेअरवर होता. त्यामुळे तेवढाच छापला गेला.