ड्यूअरच्या दारावरची थाप

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या धर्मगुरू माननीय रोना गिलख्रिस्टबाई. व्यासपीठावर विराजमान असलेले, ड्यूअर आडनावाच्या कुलसभेचे कालपर्यंतचे अध्यक्ष आणि कॅनडातील निवृत्त दंतवैद्य श्री. वॉरेन ड्यूअर, खिंड ओलांडून शेजारच्या ग्लेन आर्दूमधून आलेले श्री. इव्हान मॅकडिअर्मिड, सत्कारमूर्ती एल्स्पेथ ड्यूअरबाई, आणि ग्लेन फारिकमधील माझ्या बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'ड्यूअर आडनावाचा देदीप्यमान उगम' असा छापला आहे. 'उगम' या शब्दाला माझी हरकत नाही. विशेषणाची जबाबदारी मात्र समितीने घ्यावी.

उगम थोडक्यात सांगता येतो. आपल्या जुन्या गेलिक भाषेत 'देओरा' म्हणजे परका, दारोदार हिंडणारा. संत गेले की त्यांच्या वस्तू मागे राहत; कुठे काठी, कुठे घंटा. त्या वस्तू सांभाळणारा माणूस त्या घेऊन गावोगाव फिरे. लोक त्याला देओरा म्हणू लागले, ते काम बापाकडून मुलाकडे गेले, आणि कामाचे आडनाव झाले. कुलसभेच्या देखण्या पुस्तिकेत या शब्दाचे भाषांतर 'पवित्र यात्रिक' असे केले आहे. मी पुस्तिकेला दोष देत नाही. आपला पूर्वज भटक्या होता हे ऐकण्यासाठी वार्षिक वर्गणी कोण भरेल?

परंतु यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो टाळता येत नाही. संत अनेक होते, वस्तू अनेक होत्या, सांभाळणारेही अनेक होते. तेव्हा ड्यूअर हे कोणा एका पुरुषाचे वंशज नव्हेत. ते एका कामाचे वंशज आहेत. हे वाक्य मी गेल्या महिन्यात याच सभागृहात उच्चारले, तेव्हा श्री. वॉरेन यांनी ते वहीत टिपून घेतले. नंतर खोडले, असे शेजारी बसलेल्यांकडून कळते.

आता ते काम काय, हे नव्या पिढीसाठी सांगितले पाहिजे. संत मोरॅनची लोखंडी घंटा आपल्या ग्लेनमध्ये, म्हणजे या खोऱ्यात, ड्यूअरच्या घरी असते. त्याबद्दल प्रत्येक घराने ड्यूअरला ओटचे पीठ द्यायचे. त्या बदल्यात, कोणाचे गुरूढोर चोरीला गेले आणि मालकाला ते शोधायला जाण्याची ऐपत किंवा हिंमत नसली, तर त्याने ड्यूअरच्या दारावर थाप मारायची. एक जोडी बूट द्यायचे, पहिल्या रात्रीचे जेवण घालायचे. मग ड्यूअरने राज्यात जिथे माग जाईल तिथे जायचे. 'ऐपत किंवा हिंमत' या शब्दांकडे लक्ष द्या. मालक भित्रा असू शकतो हे ज्यांनी नियम केला त्यांनी गृहीत धरले होते. ड्यूअर भित्रा असेल तर काय, याचा विचार त्यांनी केलेला नाही. विचार करण्याची वेळ एल्स्पेथबाईंनी आपल्यावर कधी आणली नाही, हा त्यांचा गुण मानावा की आपल्या आळसाचे कारण, हे मी सभेवर सोडतो.

त्यांच्या पराक्रमांची यादी मी वाचणार नाही. एकच प्रसंग सांगतो, कारण त्या वेळी मी त्यांच्या गाडीत होतो, आणि माझी उपस्थिती पूर्णपणे निरुपयोगी ठरली. आपल्या एका शेतकऱ्याचा एडका चोरीला गेला होता. बाईंनी तो खालच्या बाजारात एका दलालाच्या कोंडवाड्यात ओळखला. मी त्या दलालाला मालकी हक्काचे तत्त्व समजावू लागलो. तो माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाला, "आजी, कागद आहे का काही?"

"कागद नाही," बाई म्हणाल्या. "घंटा आहे."

"घंटेचं मी काय करू?"

"तू काही करू नकोस. मी वाजवते. बाजार उठेपर्यंत वाजवते. लोक विचारतील, मी सांगेन."

दलालाने क्षणभर त्यांच्याकडे आणि मग घंटेकडे पाहिले. "न्या तुमचा एडका," तो म्हणाला. "आणि या वकिलालाही न्या."

असो. तर उद्या सकाळी एल्स्पेथबाई डंडीला बहिणीकडे कायमच्या राहायला जात आहेत. खुब्याने दगा दिला आहे. मूलबाळ नाही. घंटा कोणाकडे जाणार हे ठरल्याशिवाय आपण उंबरा ओलांडणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. त्यामुळे हा निरोप समारंभ दोन वेळा पुढे ढकलावा लागला, आणि स्वागत समितीने त्यासाठी उकडलेले दोन मोठे गोड डम्प्लिंग निरोपाविनाच खाल्ले.

घंटेचे दावेदार दोन होते. राजधानीतील एक संग्रहालय, ज्याच्याकडे काचेची पेटी होती. आणि कुलसभा, जिच्याकडे वंशवृक्ष होता आणि काचेची पेटी ऑन्टारिओमध्ये तयार होत होती. वंशवृक्षाच्या शेंड्यावर श्री. वॉरेन बसलेले होते. त्यांनी याच व्यासपीठावरून अत्यंत मुद्देसूद भाषण केले. मी त्याला तितकेच मुद्देसूद उत्तर दिले. दोन्ही भाषणे संपल्यावर एल्स्पेथबाईंनी एवढेच विचारले, "पेटीवर थाप मारली तर आतून कोण येणार?" त्यावर सभा चहासाठी तहकूब झाली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. पण प्रत्येकाला वेगवेगळे माहीत आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

मागच्या आठवड्यात नेटी बीटनबाईंच्या काही मेंढ्या नाहीशा झाल्या. नेटीबाई एरवी एल्स्पेथबाईंकडे गेल्या असत्या. त्या दिवशी त्या हॉटेलात गेल्या, न्याहारी करत असलेल्या श्री. वॉरेन यांच्यासमोर, बशीला लागूनच, बुटांचा जोड ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही ड्यूअर ना?"

"हो, मॅडम. सोळा पिढ्यांपासून."

"तेवढ्या नकोत. माझ्या मेंढ्या गेल्यात."

"पोलिसांना कळवलंत?"

"कळवलं. त्यांनी नोंद घेतली."

"मग मी काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?"

"जाऊन आणा."

"कुठून?"

"ते ठाऊक असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

हॉटेलात त्या वेळी बसलेल्या मंडळींनी, ज्यांत मीही होतो, पैज लावली की गृहस्थ दुपारच्या गाडीने एडिंबराला निघून जातील. गृहस्थांनी अंडे संपवले, ते बूट घालून पाहिले, ते दोन मापांनी लहान निघाले, तरी तेच घालून ते नेटीबाईंना विचारते झाले की मेंढ्यांची खूण काय. "लाल रंगाचा पट्टा, डाव्या पुठ्ठ्यावर," त्या म्हणाल्या. दुपारी खिंडीजवळच्या रस्त्याला श्री. वॉरेन यांना लाल पट्ट्याच्या मेंढ्या दिसल्या. त्यांनी खुराकाचे पोते वाजवले. पोते वाजले की मेंढ्या कोणाच्याही मागे जातात. त्या वंशवृक्ष पाहत नाहीत. नेटीबाई दुकानात गेल्या होत्या. श्री. वॉरेन यांनी मेंढ्या त्यांच्या कुंपणात कोंडल्या, हॉटेलात येऊन गरम पाण्यात पाय सोडले, आणि आम्ही सर्वांनी, पैज हरलेल्यांनी सुद्धा, त्यांचे अभिनंदन केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्स्पेथबाईंच्या दारावर थाप पडली. श्री. इव्हान मॅकडिअर्मिड उभे होते, हातात बूट. मी बाईंची कागदपत्रे बांधायला तिथे गेलो होतो, म्हणून प्रत्यक्ष ऐकले. "ताई," ते म्हणाले, "मी पलीकडचा आहे, मला ठाऊक आहे. पण माझ्या मेंढ्या गेल्यात. आणि जो घेऊन गेला तो, लोक सांगतात, तुमचाच कोणी ड्यूअर आहे."

सभाजनहो, प्रसंगाची रचना पाहा. चोरीच्या जनावरांचा माग काढण्यासाठी ज्याचे आडनाव जन्माला आले, त्याच आडनावाच्या माणसाने जनावरे चोरली. आणि त्याचा माग काढण्याचे काम त्याच आडनावाच्या बाईकडे आले. घोटाळा साधा होता. मेंढी आपल्याकडे तोंड करून उभी असली की तिचा उजवा पुठ्ठा आपल्या डाव्या हाताला येतो. इव्हानरावांचा पट्टा उजव्या पुठ्ठ्यावर असतो. ज्या गृहस्थाने आयुष्यभर समोरच्या माणसाची डावी दाढ आपल्या उजव्या हाताने शोधली, त्याला हे मेंढीच्या बाबतीत सुचू नये, ही गोष्ट दंतवैद्यकाच्या शिक्षणक्रमासाठी विचारणीय आहे.

मी हरकत घेतली. रूढी फक्त ग्लेन फारिकमधील रहिवाशांपुरती आहे, अर्जदार ग्लेन आर्दूचे आहेत, आणि आपल्या दोन ग्लेनांमधील संबंध शतकानुशतके परस्परांची गुरे पळवण्याच्या पायावर उभे आहेत. अर्जदाराला दाद मागण्याचा अधिकार नाही.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "माझी काठी द्या."

हॉटेलपर्यंतचा रस्ता थोडाच आहे, पण त्यांना तो फार लांब पडला. श्री. वॉरेन लापशी खात होते.

"वॉरेन, मेंढ्या कुठायत?"

"नेटीबाईंच्या कुंपणात. सगळ्या." हे त्यांनी उभे राहून सांगितले.

"त्या इव्हानच्या आहेत."

श्री. वॉरेन यांनी इव्हानरावांकडे पाहिले, मग आमच्याकडे, मग हळूच खाली बसले. "म्हणजे मी चोरी केली?"

"केलीस."

"एका ड्यूअरने?"

"आडनावाचं नंतर बघू. लापशी संपव. खिंड लांब आहे."

इव्हानरावांनी मेंढ्या न्यायला ट्रेलर आणला होता. श्री. वॉरेन म्हणाले, मी पायी आणल्या, पायीच पोचवतो. त्या दिवशी गारांचा पाऊस होता. पुढे पोते वाजवत सोळाव्या पिढीचे ड्यूअर, मागे मेंढ्या, त्यामागे गाडीला रिकामा ट्रेलर जोडून इव्हानराव, आणि गाडीच्या खिडकीतून त्यांचे प्रोत्साहन: "डॉक्टर, पाय दुखतात का हो? दाढेसारखे ठणकतात का?" "इव्हान, तुमचं तोंड एकदा तपासायला हवं." "आधी माझ्या मेंढ्या पोचवा, मग तोंड उघडतो."

पलीकडच्या कुरणात पोचल्यावर श्री. वॉरेन यांना आणखी काही मेंढ्या दिसल्या. या वेळी ते प्रत्येकीच्या मागे जाऊन उभे राहिले. पट्टा डाव्या पुठ्ठ्यावर होता. नेटीबाईंच्या मेंढ्या मधल्या दगडी बांधाच्या पडलेल्या भागातून स्वतःच तिकडे गेल्या होत्या आणि इव्हानरावांच्या गवतावर सुखाने चरत होत्या. चोरी झालीच नव्हती. या संपूर्ण प्रकरणात चोरी करणारे एकमेव गृहस्थ आज व्यासपीठावर बसले आहेत.

त्याच संध्याकाळी एल्स्पेथबाईंनी निर्णय सांगितला: घंटा वॉरेनकडे. मी माझा विरोध तीन मुद्द्यांत मांडला. एक, वंशवृक्षाचा दावा आपण आधीच फेटाळला आहे. दोन, त्यांच्या हातून नुकतीच चोरी झाली आहे. तीन, त्यांचे घर समुद्रापलीकडे आहे आणि तिथे नेटीबाईंची थाप ऐकू जाणार नाही.

"वंशावर मी देतच नाही," बाई म्हणाल्या. "चोरीचं म्हणाल, तर परत द्यायला तो चालत गेला, आता त्याला वाट माहीत आहे. आणि तिसरं तुम्ही त्यालाच विचारा."

मी विचारले. श्री. वॉरेन म्हणाले, "एल्स्पेथताईंचं घर आता रिकामं होतंय. मी ते भाड्याने घेतलंय." काल त्यांनी कुलसभेला तसे कळवून अध्यक्षपद सोडले. ऑन्टारिओत काचेची पेटी तयार आहे, असे कळते. तिच्यात ठेवण्यासाठी आता मंडळींना दुसरे काहीतरी पवित्र शोधावे लागेल.

इथे माझे भाषण संपायला हवे होते. परंतु आज सकाळी जे घडले ते सत्कारमूर्तींच्या परवानगीने सांगतो. परवानगी त्यांनी "सांगा, पण कमी शब्दांत" अशी दिली आहे.

घंटा सकाळीच श्री. वॉरेन यांच्या हाती दिली गेली. त्यासाठी समारंभाची वाट पाहणे बाईंना पटले नाही. घंटा देऊन त्या बाहेर पडल्या. दार लागले. त्यांना इथे आणायला मी फाटकापाशी गाडी घेऊन उभा होतो. त्या दोन पावले आल्या, थांबल्या, परत फिरल्या, आणि ज्या घरात त्यांचा जन्म गेला त्या घराच्या दारावर त्यांनी थाप मारली. दार उघडल्यावर पिशवीतून बुटांचा एक जोड काढून उंबऱ्यावर ठेवला.

"माझा भाऊ आजारी होता त्या हिवाळ्यात माझी गाय गेली," त्या म्हणाल्या. "तांबडी, डाव्या कानाला खाच."

मित्रहो, ते वर्ष आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच हिवाळ्यात त्या आपल्यापैकी निदान दोघांच्या गुरांमागे गेल्या होत्या. त्यांच्या गाईमागे कोणी गेले नाही, कारण ड्यूअरचे काही चोरीला जाऊ शकते आणि तेव्हा त्याने कोणाचे दार वाजवायचे, हे रूढी करणाऱ्यांना सुचले नाही, आणि रूढी पाळणाऱ्या आम्हालाही नाही.

श्री. वॉरेन यांनी विचारले, "कोणत्या बाजूला गेली असेल?"

"ती केव्हाच मेली असेल रे," बाई म्हणाल्या. "शोधायला जाऊ नकोस. मला फक्त एकदा दार वाजवून सांगायचं होतं."

श्री. वॉरेन यांनी बूट परत घ्या म्हणून सांगितले नाही. त्यांनी ते वाकून उचलले, आत नेले, आणि येऊन म्हणाले, "आत या ताई. आधी जेवण."

माझ्या बोलण्यात काही नावे मागेपुढे झाली असतील, पलीकडच्या ग्लेनविषयी एखादा शब्द अधिक उणा गेला असेल, तर इव्हानरावांनी आणि सभेने तो पोटात घालावा. अध्यक्षबाईंनी मला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिले, समितीने तिसऱ्यांदा डम्प्लिंग उकडले, त्या सर्वांचा मी आभारी आहे. रूढीप्रमाणे जेवण घालायचे ते थाप मारणाऱ्याने; एल्स्पेथबाई मात्र आपल्याच टेबलापाशी जेवायला बसल्या, आणि त्या घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी वाढले. मी बाहेर गाडीत थांबलो. त्यांना यायला बराच वेळ लागला, आणि मी हॉर्न वाजवला नाही.