दोन दिवस पाण्यात हात नाही

आणि वर लोक मलाच विचारतात, "काय मग, आराम झाला का?" आराम? अहो, त्या पलंगावर चढतानाच मला दम लागला होता, आरामाचं काय घेऊन बसलात... पण तुम्हाला असं मधूनच सांगून कळायचं नाही. पहिल्यापासून ऐका. आणि "काहीतरीच काय" म्हणू नका, मी वाढवून सांगतो ते फक्त ऑफिसात.

तर लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आमच्या रेवतीची इच्छा एकच. दागिना नको, साडी नको, दोन दिवस पाण्यात हात नाही. बस्स. भांडं नाही, फडकं नाही, पिंप भरणं नाही. आता हे मी आधीही कबूल केलं होतं बरं का. माथेरानला नेलं, तिथे हिने हॉटेलवाल्याच्या कपबश्या विसळून घेतल्या, "कडेला लिपस्टिक होती" म्हणून. गणपतीपुळ्याला खानावळीतली बाई आजारी पडली, आणि पहिल्या पंगतीनंतर बघतो तर काय, ही मागच्या अंगणात ओढणी कमरेला बांधून तीस ताटं... म्हणून या वेळी तिने आधीच बजावलं, "माझा हात पाण्यात गेला ना, तर घरी आल्यावर तुमचा जाईल. सांगून ठेवते."

मग आमच्या मुलीने, गंधालीने, फोनवर शोधून जागा काढली. जुना बंगला, सन एकोणीसशे अठ्ठावीस, दुरुस्त करून पुन्हा जसाच्या तसा उभा केलेला. राहायचं आणि सकाळचा नाश्ता. फोटो झकास. मी म्हटलं, कुठे आहे गं, महाबळेश्वर? पन्हाळा?

"पार्ल्याला, बाबा."

आम्ही मुलुंडला राहतो. मुलुंडहून पार्ल्याला पर्यटनाला गेलेलं जगातलं पहिलं जोडपं आम्ही. रिक्षाने निघालो, वाटेत पवईचा तलाव दाखवला, म्हटलं हे बघ, साइटसीइंगसुद्धा झालं. रिक्षावाल्याने बॅगा बघून विचारलं, "एअरपोर्ट ना?" आता पार्ल्याला हवापालटाला चाललोय हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, हो. एअरपोर्टला उतरलो आणि तिथून दुसरी रिक्षा केली.

बंगल्याचा मालक मुकुल. आर्किटेक्ट, पस्तिशीचा, खादीचा कुर्ता, आवाज इतका हळू की जणू भिंतींचा नुकताच डोळा लागलाय. "काका, ही फरशी मूळची... हे दार मूळचं... हा डागसुद्धा मूळचा." डाग! आमच्याकडे भिंतीला ओल आली की सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण होतं, इथे ओलीला सागवानी चौकट. आणि जिथे तिथे पितळी पाट्या. खुर्चीत बसायला गेलो, पाटी: "बसू नये". पाटावर: "बसू नये". शेवटी बिनपाटीची एक वस्तू सापडली म्हणून टेकलो, तर ती मुकुलची लॅपटॉपची बॅग. दिवाणखान्यात त्याच्या पणजीचा मोठा फोटो, पणजी, बंगला आणि शेजारी तांब्याचा बंब. पणजी माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेतसुद्धा "बसू नये".

आणि मग त्याने मागचं न्हाणीघर दाखवलं. फक्त बघायला. तोच बंब, एक घंगाळ, चार हंडे, दोन कळश्या, सगळं ओळीने मांडलेलं. काळंकुट्ट, कडेला हिरवट. रेवतीने बघितलं. मी रेवतीकडे बघितलं. म्हटलं, "दोन दिवस पाण्यात हात नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

आता आमच्या मुलुंडच्या इमारतीत पाणी पाच दहाला येतं आणि सहाला जातं. पंचवीस वर्षं! या बाईच्या अंगात घड्याळ नाही, नळच बसवलाय. दुसऱ्या दिवशी पहाटे बरोबर पाच दहाला मी डोळा उघडला तर शेजारी कोणी नाही. मागून आवाज, नळ धो धो आणि खसाखसा, खसाखसा... मी घाईघाईत उठलो, त्या उंच पलंगाला चढाय-उतरायला ठेवलेली लाकडी पायरी चुकलो, आणि खोटं नाही सांगत, खाली पोचेपर्यंत पाच अकरा झाले होते.

न्हाणीघरात बंब आडवा. चिंच, मीठ, काथ्या. एका बाजूने रेवती, दुसऱ्या बाजूने बंगल्यातली स्वयंपाकीण, मालवणची सोनूबाई. म्हटलं, अगं, दोन दिवस पाण्यात हात नाही ना?

"अहो, नळाला पाणी आणि खाली चार हंडे रिकामे. पाणी जाईल की."

म्हटलं, इथे चोवीस तास पाणी असतं, गच्चीवर टाकी आहे. तर म्हणे टाकीचं कोणी सांगावं, आणि भरायचंच तर असल्या काळ्या हंड्यांत भरायचं? सोनूबाई मान वर न करता म्हणाली, "दोन वर्सां माझे हात शिवशिवतत. पण सायब हात लावूक देणत नाय."

बंब पुरता उजळला, सहा वाजत आले आणि दारात सायब. मुकुल. हातातला कप तसाच. नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, "काकू... हा रंग चढायला पंच्याण्णव वर्षं लागली होती."

"आणि जायला चाळीस मिनिटं. चिंच चांगली होती हो."

वाट लागली. मी मनातल्या मनात बॅग भरली. रिक्षात बसलो, पवई ओलांडली. पण रेवती उठली, ओल्या हातानेच मुकुलला दिवाणखान्यात घेऊन गेली आणि फोटोपुढे उभं केलं. "हा बंब बघ. चकचकतोय ना? तुझ्या पणजीने रोज घासलाय तो. तूच म्हणालास ना, जसंच्या तसं? मग हे जसंच्या तसं. ते जे होतं ना, ते आळशाचं होतं."

मुकुल फोटोकडे बघतोय, न्हाणीघराकडे बघतोय. तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं जर्मन जोडपं बाहेर आलं. त्यांनी तो झळाळता बंब बघितला, आणि विचारायचं नाव नाही, बाईने हातात काथ्या घेतला, तो साडेसहा फुटी बुवा "बसू नये" लिहिलेल्या पाटावर फतकल मारून कळशी घासायला लागला. अर्ध्या तासात सगळं न्हाणीघर असं लखलखलं की विमानं वाकडी होऊन जात होती म्हणे. पार्लं जवळच आहे ना एअरपोर्टला.

नाश्त्याला थालीपीठ होतं. मुकुल स्वतः वाढत होता. म्हणाला, "काकू, दर शनिवार-रविवार याल? पाहुणे घासतील. तुम्ही फक्त खुर्चीत बसून सांगायचं." आणि त्याने स्वतःच्या हाताने त्या खुर्चीवरची पाटी काढली.

रेवतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "येईन," म्हणाली.

झाले आता चार महिने. शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन जाते, रविवारी रात्री येते. उंच पलंग, आयता चहा, समोर देशोदेशीचे लोक भांडी घासतायत आणि ही बोट दाखवतेय, "तिथे राहिलं." दोन दिवस पाण्यात हात नाही! दर आठवड्याला! दिलेला शब्द इतका पाळलेला नवरा मुलुंडमध्ये दाखवा तुम्ही मला.

बरं, उरलेलं नंतर सांगतो. आज शनिवार. नळ आलाय, दोन पिंपं व्हायचीत, रात्रीची भांडी तशीच पडलीत... नाही, थांबता यायचं नाही हो. पाणी जाईल.