आजोबांचे बूट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि पनवेलचं एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. अंकिता आजोबांच्या पिशवीवर डोकं टेकून झोपली आहे. निदान आजोबांना तरी तसंच वाटतंय. घाटातल्या मॅरेथॉनला निघालेले तिचे आजोबा बळीराम आणि त्यांचा जोडीदार हरेश बोलत बसले आहेत.

"बळीदादा, चपलांवरच आलास?"

"बूट पिशवीत हायेत. दुसऱ्या बुटांनी पाय सोलतात माझे."

"परवा पुलावर छाती धरून बसलास, ते घरी सांगितलंस?"

"गॅस होता रे."

"सुदामला पण गॅसच होता."

"त्याचं नाव नको काढू."

"का नको? तो घाटात खाली बसला, आन् आपण बाजूनं पळत गेलो."

"एक थांबला तरी दुसऱ्यानं थांबायचं नाय. त्याचाच नियम हाय तो."

"मेडल घालून परत आलो, तवा त्याच्यावर चादर होती, दादा."

"बस लागली का बघ."

"डाक्टर काय बोलला?"

"पळू नको बोलला. त्याला काय, तो पहिल्या माळ्यावर लिफ्टनं जातो."

"हसू नको."

"मंग रडू? ऐक हरेश. उद्या मी बसलो, तर तू थांबू नको. शब्द दे."

"दिला."

बस लागली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला दोघे धावले. अंकिता उठली. तिने पिशवीतून आजोबांचा एक बूट काढला, कचऱ्याच्या डब्यात खोल दाबला आणि पिशवीची चेन नीट लावून ती बसकडे घेऊन गेली.