लिफ्टच्या दारातले मोठे सर

आदरणीय अध्यक्ष महोदया, आजचे सत्कारमूर्ती आमचे मोठे सर, व्यासपीठावरील मान्यवर, संस्थेतील सर्व थेरपिस्ट मंडळी आणि माझ्यासारख्या पेशंट बंधू-भगिनींनो,

यायला आणि पर्यायाने बोलायला इतका उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी असावी. कारण पुढे सांगतो. मागे ऐकू येतंय ना? आणि हा डोक्यावरचा पंखा नीट बसवलाय ना? नाही, सहज विचारलं.

माझं शिक्षण अर्धवट, काळजी मात्र पूर्ण. मला लिफ्टची भीती. माझी थोरली बहीण, आक्का, राहते अकराव्या मजल्यावर. तिचे गुडघे गेलेले, ती घराबाहेर पडत नाही आणि अकरा मजले चढण्याचा दम माझ्यात नाही. तेव्हा मी खाली फाटकापाशी उभं राहून फोन लावायचा आणि तिने खिडकीतून टॉवेल हलवायचा, अशी आमची भाऊ-बहिणीची भेट. "तो निळा शर्ट तूच ना रे?" असं ती विचारायची. एकदा तिने भलत्याच माणसाकडे बघत माझी पोटभर विचारपूस केली.

म्हणून इथे आलो. थेरपिस्ट ताई मिळाल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. पद्धत सोपी आहे म्हणाल्या. भीतीला टाळायचं नाही, तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. आम्ही राहिलो. मला घाम फुटला, तो बघून ताईंना फुटला. "आजोबा, आज जिन्याने जाऊ. पुढच्या वेळी नक्की." असं करता करता माझे पाय सुधारले. भीती होती तिथेच.

आता थेरपिस्ट चुकू नये म्हणून तिच्यावर मोठे सर असतात. ते सेशनचं रेकॉर्डिंग ऐकतात. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. मी विचारलं होतं, सरांच्या वर कोण? सर म्हणाले, "हा प्रश्न मनात आला तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?" म्हणजे कोणी नाही, एवढं मला कळलं.

ताई कुठलं रेकॉर्डिंग द्यायच्या? ज्यात मी "बरं वाटतंय" म्हटलंय ते. आपली करपलेली पोळी पाहुण्याच्या ताटात कोण वाढतं? आणि सर मायाळू! "छान. स्वतःवर फार कडक होऊ नका." ताई बाहेर येऊन मला तेच सांगायच्या, मी घरी जाऊन बायकोला. सगळे एकमेकांना जपत होते. आक्का मात्र खिडकीतच.

एकदा चुकून जिन्यातलं रेकॉर्डिंग गेलं. सर म्हणाले, "या धापा कसल्या? सेशन होतं की डोंगर चढत होतात?" ताई रडवेल्या झाल्या. "चला," सर म्हणाले, "मी करून दाखवतो."

आम्ही तिघं लिफ्टपुढे. दार उघडलं. सर म्हणाले, "आधी भीतीचा पुरावा तपासू." दार मिटलं. पुन्हा उघडलं. "मनात आलं म्हणजे ते खरं असतं असं नाही." पुन्हा मिटलं. मग आतून एक बाई खेकसल्या, "अहो, येताय की दारातच प्रवचन देताय?"

सरांनी मला विचारलं, "शंभरपैकी भीती किती?"

"सत्तर."

ताई मघापासून सरांच्या कपाळाकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, आणि तुमची?"

हे इथे सांगायला सरांची परवानगी आहे. त्यांनी ती 'गृहपाठ म्हणून' दिली. सर जमिनीकडे बघत म्हणाले, "पंच्याऐंशी. मी कायम जिन्यानेच येतो. तब्येतीसाठी असं सांगतो."

ताईंनी दारात पाय रोवला. आवाज असा, की मी कधी ऐकला नव्हता. "मग दोघंही आत. आत्ता!"

गेलो. एकच मजला. सरांनी माझी बाही घट्ट धरली होती. मी त्यांची धरली होती असं सरांचं म्हणणं आहे.

हसू नका मंडळी. आपल्याच शिष्येकडून तपासून घ्यायला छाती लागते. दुसऱ्या दिवसापासून सरांनी नियम केला, की फसलेलं सेशन आधी ऐकायचं. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, असं विचारण्याचा मोह मी आवरतो.

आता उशिराचं कारण. इथे येण्याआधी मी आक्काकडे गेलो. एकटा, लिफ्टने. घाम, धडधड, सगळं साग्रसंगीत झालं, आणि वर दार उघडलं. आक्काने मला जवळून निरखलं. म्हणाली, "मेल्या, किती म्हातारा झालास रे! खालून बरा दिसायचास." मग हात सोडेना.

अध्यक्ष महोदयांचे आणि आयोजकांचे आभार. मोठ्यांविषयी अधिक-उणं बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि सर, निवृत्तीनंतर तुम्ही तळमजल्यावर घर घेताय असं कानावर आलं. ताई, ऐकलंत ना? आणि सर, आक्काने तुम्हाला चहाला बोलावलंय. जिन्याने येणाऱ्याला ती दार उघडणार नाही म्हणते. कधी येताय ते लवकर कळवा. तिने खुर्ची खिडकीतून हलवून दारापाशी ठेवली आहे.