मुंगीची सीट कोणी फिरवली

हॅलो?

…हां, ताई, बोल. पण पटकन बोल. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली सहा गेली… नाही, जेवले नाही. घशाखाली उतरेल तर ना!

…हो, मीच काढली माझ्या पोरीची गाडीतली सीट. सकाळी साडेसातला. बाबांच्या गाडीतून काढली, टॅक्सीत बसवली, मुंगीला पाळणाघरात सोडलं आणि सीट घेऊन इथे आले… इथे म्हणजे हॉस्पिटलात, दुसरं कुठे? आमच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवलीये, एक्स-रेचे शिशाचे एप्रन टांगतो ना, त्यांच्या खाली. येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारतेय, बाळ कुठाय? म्हटलं, बाळ पाळणाघरात, आज सीटच ड्यूटीवर आलीये.

…हसू नकोस. हसण्यासारखं काही नाहीये.

…आधी मला सांग, बाबांनी तुला काय सांगितलं?… हं… हं… 'जरा फिरवली तर एवढं काय'? जरा? ताई, जरा?

…अगं ऐक ना. ऐक तर! पहिल्यापासून सांगते. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर मुंगी दोन खुर्च्या एकामागे एक लावून गाडी-गाडी खेळत होती. पुढच्या खुर्चीवर तिचं अस्वल, मागच्या खुर्चीवर ही. आणि एकदम ओरडली, 'लाल! थांब! क्लच… अरे क्लच दाब की, शहाण्या!'

…हो, बाबाच. शिकाऊ ड्रायव्हरवर ओरडायचे तसे, अगदी हुबेहूब, ते खाकरणं सुद्धा. मलाही आधी हसूच आलं. म्हटलं, अडीच वर्षांची पोर आणि ड्रायव्हिंग स्कूल काढून बसलीये. मग हातातलं पातेलं हातातच राहिलं. अगं, हिला लाल दिवा दिसला कुठून? बाबांच्या गाडीत ही चार महिने मागे तोंड करून बसतेय. मागच्या काचेतून काय दिसणार? मागच्या गाड्या, माणसं, फार तर एखादं कुत्रं. सिग्नल पुढे असतो, ताई!

…नाही, टीव्हीत नाही बघितलं… पुस्तकातही नाही. हे सगळं मीही मनाला सांगून बघितलं रात्री.

…आणि मग सकाळी, बाबा पाळणाघरात नेतात म्हणून, रोजच्यासारखी तिला सोडायला तुमच्या इमारतीत आले. बाबा वरून खाली येईपर्यंत गाडीत डोकावले. पुढच्या सीटच्या पाठीवर बुटांचे ठसे. एवढे-एवढे, धुळीचे. सगळी पाठ भरलीये. आता मागे तोंड करून बसलेल्या पोरीचे पाय पुढच्या सीटला कसे लागतील, सांग ना! तिचे पाय असतात मागे, मोठी माणसं टेकतात त्या बाजूला. तिथेही बघितलं. स्वच्छ. एक डाग नाही.

…विचारलं ना. तोंडावर विचारलं. 'मी फिरवली' म्हणाले. एवढंच. आणि कपातला चहा ढवळत बसले. साखर न घालता.

…नाही ताई, तिथेच तर गोम आहे. ते सीट फिरवायचं बटण बघितलंयस ना तू? कापडाच्या आत, बारकं, आणि इतकं घट्ट की पहिल्याच दिवशी माझं नख तुटलं. बाबांचा अंगठा वाकतो का? औषधाच्या बाटलीचं झाकण माझ्याकडून उघडून घेतात. आणि म्हणे मी फिरवली! शिवाय एकदा फिरवून भागत नाही. पाळणाघरात नेताना पुढे करायची, आणि संध्याकाळी माझ्या दारात आणायच्या आधी परत मागे. म्हणजे रोज दोनदा. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला रोज दोनदा!

…अगं, मग कोण? ते काम माझ्या नवऱ्याचंच. त्याचं ऑफिस तुमच्या कोपऱ्यावर. आणि महिनाभर त्याचं तेच तुणतुणं चाललंय, 'घोडी झाली आता, पाय दुमडून बसते बिचारी, कर की पुढे.' पाय दुमडून बसलं तर काही होत नाही, मांडी घालून बसतात पोरं. मान महत्त्वाची, मागे तोंड असलं की धक्का पाठीवर जातो. किती वेळा सांगायचं! …बाबा जावयाला पाठीशी घालतायत, दुसरं काय.

…बोलले ना त्याच्याशी. टॅक्सीतूनच फोन लावला. म्हटलं, चार दिवस तुझ्या आईकडे जाऊन राहा, मला तुझं तोंड बघायचं नाही… हो, म्हटलं. असंच म्हटलं… रडला गं. खरंच रडला. 'मला काही म्हणजे काही माहीत नाही' म्हणाला. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! …जाणार म्हणजे काय, बॅग भरली असेल एव्हाना.

…काय?

…आवाज येत नाहीये. परत बोल.

…तू काय?

…ताई, परत बोल.

…

…हो मॅडम, आले. पाच मिनिटं. नाही, ठीक आहे मी. बहिणीचा फोन आहे.

…आहे. फोनवरच आहे. तर तू फिरवायचीस. कधीपासून?… दुसऱ्या आठवड्यापासून. म्हणजे साडेतीन महिने. सकाळी मी मुंगीचा पापा घेऊन कोपऱ्यावर वळले, की तू खाली उतरायचीस… आणि संध्याकाळी?… कचरा टाकायच्या निमित्ताने. छान. छान केलंस.

…नाही, थांब. ती सीट कोणी निवडली, आठवतंय? मला ती दुसरी हवी होती, न फिरणारी. एकदा बसवली की कायम मागे तोंड. तूच म्हणालीस, फिरणारी घे, दाराकडे वळवून पोरीला उचलता येतं, बाबांची कंबर वाचेल. पाच दुकानं माझ्याबरोबर पालथी घातलीस. त्या दुकानदाराला म्हणालीस, 'माझी बहीण एक्स-रे काढते, तिला फसवू नका.' …म्हणालीस ना? मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

…मागेच तोंड हवं म्हणून मी का एवढी हट्टाला पेटले, ते फक्त तुला माहीत होतं. नवऱ्यालाही धड सांगितलं नाही. त्या अपघातातल्या पोराच्या मानेचा एक्स-रे मी काढला होता, ताई. पुढे तोंड करून बसला होता तो. गाडी काही फार जोरातही नव्हती. आमच्या मुंगीएवढाच. घरी न जाता तुझ्याकडे आले होते, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. आणि सगळं ऐकून, माझ्या पाठीवरून हात फिरवून, तू पुढच्याच महिन्यात त्याच हाताने ते बटण दाबलंस. रोज. कुंपणच शेत खायला लागलं तर राखायचं कोणी?

…मुंगी रडायची?… रोज रडायची?… आणि बाबा मागे वळून बघायचे… गाडी चालवताना?… मग?… एकदा एकदम गप्प झाली. हं… घास अडकला असं वाटलं त्यांना… बिस्किट… आणि गाडी?… रस्त्यामधल्या कठड्याला घासली. म्हणजे गाडीच्या दारावरचा तो ओरखडा. मला सांगितलं, दुधाच्या गाडीने घासली. …झोपली होती? मुंगी नुसती झोपली होती?

…लागलं नाही ना कोणाला?… मुंगीला कडेवर घेऊन बाबा… हो… तुझ्या दारात येऊन बसले. हं.

…अगं, पटतंय. पटतंय मला! त्यांना ती दिसत नव्हती, त्यांचा जीव वर-खाली होत होता, खरं आहे. मागे बघत गाडी हाकणं जास्त धोक्याचं, तेही खरं. मग मला सांगायचं ना! आरसा मिळतो, ताई. तळहाताएवढा. मागच्या सीटला बांधायचा, की पुढच्या आरशातून पोरीचं तोंड दिसतं. तीस वर्षं ज्या माणसाने 'आरसा बघा, आरसा बघा' म्हणून शिकणाऱ्यांच्या कानीकपाळी ओरडण्यात घालवली, त्याला एक आरसा आणून दिला नसता मी?

…काय?… भीती वाटते. कोणाची, माझी?… बाबांनाही?

…

…नाही, ऐकतेय. बोल तू.

…हो. असेल. फाडकन बोलते मी, ठाऊक आहे. चिडले असते. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, बाबांना नाही नाही ते बोलले असते. आणि तिसऱ्या दिवशी आरसा आणला असता. तुम्ही ते दोन दिवस वाचवलेत, ताई. माझ्या पोरीच्या मानेवर वाचवलेत.

…नको, माफी नको मागूस आत्ता. मला एकदम एवढं घेता येत नाहीये. …आणि त्या बिचाऱ्याला काय सांगू मी? कोणत्या तोंडाने फोन करू? तो खरं सांगत होता, आणि मी त्याला चोर ठरवला.

…पाच वाजता ना. मलाही तेच पडलंय. पाळणाघर पाचला बंद होतं, माझी ड्यूटी सातपर्यंत. बाहेर बाकावर अकरा जण बसलेत… तू येतेस?… हॉस्पिटलात येऊन सीट घेणार, टॅक्सी करणार, तिच्या शेजारी बसणार. बाबांना गाडी काढूच देणार नाहीस. हं. बरं. तसं चालेल. म्हणजे, दुसरं आहे कोण मला? …आणि नीट लाव. पट्टा दोन बोटं आत जातील एवढाच सैल. आणि मागे—

…काय म्हणालीस?

…नाही, आत्ता म्हणालीस ते. परत म्हण.

…'हो गं बाई, मागेच तोंड करून.'

…ताई, रोज संध्याकाळी मुंगी झोपली की मी तुला फोन करायचे. विचारायचे, आज नीट बसली होती ना? आणि तू म्हणायचीस, हो गं बाई, मागेच तोंड करून. हेच शब्द. मग मी निवांत जेवायला बसायचे.

…आता खरं बोलतेयस, माहीत आहे. असशीलच… शपथ नको घेऊस… फोटो? फोटो काय करायचाय? फोटो काढून झाला की सीट फिरते.

…नको. तू नको येऊस. बाबाही नकोत. मी मॅडमना सांगते, मीच जाते… अर्ध्या दिवसाची रजा पडेल. ह्या महिन्यातली तिसरी. पडू दे.

…रागाने नाही गं म्हणत. राग असता तर बरं झालं असतं, दोन दिवसांत उतरला असता. मला आत्ता तुझा आवाज ऐकू येतोय ना, तो तसाच आहे. कालच्यासारखाच. प्रेमळ, जरा घाईतला, मागे कुकरच्या शिट्ट्या. मी कान देऊन ऐकतेय, ताई, आणि मला खऱ्या-खोट्यातला फरकच कळत नाहीये.

…नको, काही बोलू नकोस. जितकं बोलशील तितकं…

…ठेवते.