जागा बदलून बसा

थोरला : वाच, वाच की पुढचं! अजून काय काय अक्कल पाजळलीय त्या कार्डांवर?

मुलगी : बाबा, तुम्ही चेष्टा करणार असाल तर नाही वाचत.

थोरला : चेष्टा कुठे? डाव्या हाताने दात घासायचे, रोजची गल्ली सोडून भलत्याच गल्लीने कामावर जायचं. इथवर ज्ञान मिळालं मला. पुढे?

मुलगी : रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या एखाद्या गोष्टीचं मनापासून कौतुक करायचं.

थोरला : तो आधी खिसा चाचपून बघेल. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! कोण बाई म्हणालीस ती?

मुलगी : वाचनालयात येतात, दर शनिवारी. ही कार्डं त्याच वाटतात. एकेकाने एकेक खेळ घरी करून बघायचा. सवयी मोडायच्या, माणसं जोडायची.

थोरला : माणसं म्हणजे काय फ्रेमच्या पट्ट्या आहेत? कोपऱ्यात खिळा ठोकला की जोडली? परवा तो औषधाच्या दुकानवाला रस्त्यात उलटा चालत होता. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. तर म्हणे खेळ! एखाद्या सायकलवाल्याने उडवला असता म्हणजे सगळ्याच सवयी एकदम मोडल्या असत्या.

धाकटा : बाळ, तुझ्या बाबांना विचार, त्या मोठ्या आरशाच्या फ्रेमचं माप काय. जेवणानंतर काच कापायचीय.

थोरला : सांग त्याला, तीस बाय वीस. चिठ्ठी त्याच्या टेबलावरच ठेवलीय. डोळे आहेत ना?

मुलगी : काका, तीस बाय वीस. चिठ्ठी तुमच्या… नाही. बास झालं. बाबा, काका तुमच्यापासून सहा पावलांवर बसलेत. त्यांनी ऐकलंय. त्यांनी विचारलं ते तुम्हीही ऐकलंत.

थोरला : मग?

मुलगी : मग मी मध्ये उभी राहून तेच परत कशाला बोलतेय? नऊ वर्षं बोलतेय. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी इथे. "सांग त्याला पट्टी आली." "सांग त्यांना काच संपली." सख्खे भाऊ, एक दुकान, एक छप्पर, आणि मधे मी पोपटासारखी!

थोरला : दुकान चाललं ना? कुणाचं काही अडलं?

मुलगी : मला चार दिवस ताप होता तेव्हा काय झालं, सांगू? सलूनवाल्याने तुम्हाला सांगितलं की साध्या काचा नकोत, आरसे बसवा. तुम्ही काकांना सांगितलं नाहीत. का? तर मध्ये मी नव्हते. अकरा फ्रेमना अकरा साध्या काचा लागल्या. त्या परत आणून तो विचारत होता, "यात गिऱ्हाइकाने तोंड कुठे बघायचं?"

थोरला : हातातली काच साधी आहे की आरसा, हे काच कापणाऱ्याला कळायला नको?

धाकटा : बाळ, सांग त्यांना, काच कापणाऱ्याला स्वप्नं पडत नाहीत.

मुलगी : मी काही सांगणार नाही कुणाला! सोमवारी माझी नोकरी सुरू होतेय, परगावी. मी गेले की हे दुकान महिनाभरही टिकणार नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. म्हणून ठरवलंय, आज संध्याकाळी कळवून टाकते, येत नाही म्हणून.

थोरला : खबरदार! शंभर पोरांतून निवडलंय तुला. असलं खूळ डोक्यातून काढून टाक.

मुलगी : मग यातला एक खेळ करा. दोघांनी. तेवढं जमलं तर मी जाते.

थोरला : हा काय पोरखेळ आहे?

मुलगी : हो, पोरखेळच आहे. हे घ्या. "जागा बदलून बसा. रोज जिथे बसता तिथे दुसऱ्याला बसवा आणि तुम्ही त्याच्या जागी बसा."

थोरला : आणि त्याने काय होणार? त्याला अक्कल येईल की मला कमी होईल?

धाकटा : बाळ, माझी हरकत नाही. मी उठलो बघ.

थोरला : उठलासुद्धा! वाटच बघत होता. याला काम सोडायला निमित्तच लागतं. सरक ग, जाऊ दे मला. तुझ्यासाठी करतोय, लक्षात ठेव. त्या बाईच्या कार्डासाठी नाही.

मुलगी : बसा, बाबा.

थोरला : बसतोय. अरे देवा! याला स्टूल म्हणतात? एक पाय आखूड. आणि टेबलभर काचेचा चुरा. हा माणूस नऊ वर्षांत इथे फडकं फिरवत नाही की काय?

धाकटा : रोज फिरवतो म्हणावं. आज सकाळपासून इथे व्याख्यान चाललंय. आणि बाळ, विचार त्यांना, या जागेवर खिडकीकडे पाठ येते, डोक्यावर दिवाही नाही. यांना इथे पट्टीवरचे आकडे दिसतात कसे?

थोरला : सांग त्याला, चाळीस वर्षं पट्ट्या कापतोय. मला आकडे बघायला लागत नाहीत, हाताला कळतं. दिवे त्याच्यासारख्यांना लागतात. आणि हे खणात काय कोंबलंय? चिठ्ठ्या? माझ्याच चिठ्ठ्या या!

मुलगी : काच फुटून परत आली तर माप असावं म्हणून ठेवतात काका.

थोरला : ते ठीक. पण ही खाडाखोड कसली? हे बघ. मी लिहिलंय चोवीस, ते खोडून खाली त्याचं अक्षर, तेवीस इंच सात सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने कमी. ही बघ. ही पण. कालचीही खोडली! एकूणएक माप खोडलंय! विचार त्याला, हा अधिकार याला कुणी दिला?

मुलगी : नाही विचारणार.

थोरला : विचार म्हणतो ना!

मुलगी : तुम्ही विचारा. मी चौकातल्या गिऱ्हाइकाची फ्रेम पोचवून येते. अर्धा तास लागेल. आल्यावर दोघांनी मला सांगा, जाऊ की राहू.

(ती जाते. थोरला खणातल्या चिठ्ठ्या एकेक काढून टेबलावर मांडतो.)

थोरला : काही लोकांना दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायची भारी हौस.

धाकटा : बाळ, सांग त्यांना…

थोरला : कुणाला हाक मारतोयस? गेली ती. आता भिंतीला सांग. नाचता येईना अंगण वाकडं! स्वतःची काच बसत नाही, म्हणून माझं माप खोटं!

धाकटा : टेप तिथेच आहे. आरशाची फ्रेम भिंतीला टेकवलीय. मोज.

थोरला : मोजतो की. भितो काय कुणाच्या बापाला? हे बघ. तीस.

धाकटा : खिडकीशी ने. उजेडात मोज.

थोरला : उजेडात काय लाकूड वाढतं? घे, नेली. एकोणतीस… आणि पुढे हे… सहा आहेत की सात?

धाकटा : सात. तीसला एक सूत कमी.

थोरला : लाकूड आक्रसलं असेल.

धाकटा : दोन वर्षं रोज आक्रसतंय?

थोरला : दोन वर्षं?

धाकटा : तू दुपारी जेवायला गेलास की मी तुझ्या सगळ्या फ्रेम पुन्हा मोजतो. मगच काच कापतो. तुझ्या चिठ्ठीवर कापली तर एकही बसायची नाही.

थोरला : आणि मनातल्या मनात हसत असशील. आंधळा झाला म्हातारा, बरी खोड मोडली.

धाकटा : हसलो ना. पहिला आठवडाभर पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू?

थोरला : मग तोंडावर सांगायचं होतंस!

धाकटा : कुणाकडून सांगू? तिच्याकडून? "बाळ, तुझ्या बाबांना सांग, त्यांना आता दिसत नाही." हे त्या पोरीने तुझ्यासमोर उभं राहून बोलायचं?

थोरला : नको. तिने नको.

धाकटा : तेवढा नालायक नाही मी. नऊ वर्षांपूर्वी तू भर दुकानात माझ्याबद्दल सांगितलंस तरी.

थोरला : तुझ्या सासऱ्यांसमोर मी जे बोललो…

धाकटा : ते सासरे झालेच नाहीत. "याला काच कापता येत नाही, फुकट बसून खातो." हे ऐकून कोण देईल मुलगी? चहाचा कप तसाच ठेवून उठले ते.

थोरला : थट्टा केली होती मी.

धाकटा : तुझी थट्टा माहीत आहे मला. तू हसतोस आणि दुसऱ्याचं घर मोडतं.

थोरला : चुकलंच माझं.

धाकटा : चुकलं म्हणजे पट्टी एक सूत कमी आली, ते. ते बोलणं नीचपणाचं होतं.

थोरला : होतं. नीचपणाचं होतं. नऊ वर्षं मला ते माहीत आहे.

धाकटा : माहीत असून गप्प बसलास?

थोरला : रोज सकाळी कुलूप काढताना वाटायचं, आज बोलू. मग तू समोर दिसायचास आणि तोंडातून काहीतरी वाकडंच निघायचं. मला दुसरं बोलताच येत नाही रे.

धाकटा : ते आम्ही बघतोच आहोत. डोळे दाखव आधी डॉक्टरला. तोवर मापं मी घेतो, तू लिही.

थोरला : आणि पोरीला काय सांगायचं?

धाकटा : जा म्हणून सांगायचं. तू सांग, बाप आहेस. घे पेन्सिल. ही पुढच्या गिऱ्हाइकाची फ्रेम. चोवीस इंच तीन सूत, बाय अठरा.

थोरला : परत सांग.

धाकटा : आता ऐकूही येत नाही का?

थोरला : येतंय. परत सांग.