पहिल्या लॉटमधली

—नाही, हात लावायचा नाही. लांबून बघा. बघायला मी कधी नाही म्हटलंय? तिसऱ्यांदा आलात, तिसऱ्यांदा बघा. पण हात मागे, शाळेतल्यासारखे — हां, असे. आणि मघाशी आत येताना काय म्हणालात? दार करकरतं, तेल घालायला माणूस पाठवतो? माझं दार? अहो, गेल्या वर्षभरात एकदाही करकरलेलं नाही हे दार. आधी करकरायचं, कबूल, कान किटायचे; मग आपलं आपणच बंद झालं. लाकडाचं काय, आक्रसतं, फुगतं. रस्त्यावरचं काहीतरी ऐकलं असेल तुम्ही. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखा आहे — खुर्चीवर बसा, तो अँप्लिफायर खाली ठेवा. सावकाश! पोट उघडं आहे त्याचं.

तर तुमचं म्हणणं, ही रेकॉर्ड अशीच द्यावी. कोरी. सीलबंद. बावन्न वर्षांत जिला कुणाचा श्वास लागला नाही, ती. आणि नेऊन काय करणार? काचेच्या कपाटात ठेवणार. वाजवणार नाही? कधीच नाही? — मान काय हलवता, बोला! आणि मोठ्यानं बोला, हल्ली सगळेच तोंडात खिळे धरल्यासारखे बोलतात. म्हणजे गाण्याची वस्तू, आणि ती मुकी आहे म्हणून तुम्हाला हवी. मग कोपऱ्यावर एक दगड पडलाय, तोही आजवर कुणी वाजवलेला नाही, तो न्या की! — रागावू नका. मी चौथी शिकलेली बाई, मला संग्रह-बिंग्रह कळत नाही. ही प्लेअरं बघताय ना भिंतीला लावलेली, सगळी मेलेली आली होती इथं. एकही विद्या मला कुणी हाताला धरून शिकवली नाही. उघडायचं, कुठली वायर कुठं जाते ते बघायचं, शॉक खायचा, लक्षात ठेवायचं. उघडल्याशिवाय काही कळतं यावर माझा विश्वासच नाही. — मग हीच एवढी का मिटलेली ठेवली? विचारलंत एकदाचं! दोन वेळा येऊन गेलात, फक्त किंमत विचारलीत. आज माणसासारखा प्रश्न विचारलात, तर ऐका.

मी रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकणारी होते. हसू नका, तसं कामच होतं. प्रेसमधून गरम रेकॉर्डी निघायच्या, त्यांतली शंभरातली एक आमच्या खोलीत यायची, आणि आम्ही दिवसभर ऐकायचं — गाणं नाही हं, खोट ऐकायची. कुठं टचकन उडतं, कुठं खरखरतं, कुठं सूर लडखडतो. सापडली खोट की पिवळ्या पेन्सिलीनं फुली, वर चिठ्ठी — कोणती बाजू, कितवं गाणं, कसली खोट, कशामुळे. मग तो अख्खा लॉट चुऱ्याला. चुरा करायचा, वितळवायचा, पुन्हा नवी रेकॉर्ड. बाकीच्या मुली कानाला हेडफोन लावायच्या. मी आणखी एक करायचे — हनुवटी टेबलाच्या लाकडावर टेकवायची. खालचे आवाज कानाआधी हाडाला कळतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मी शोधलं. साहेब म्हणायचा, ही बाई झोपते कामावर. मग एकदा झोपल्या झोपल्या सलग सात लॉट पाडले त्याचे, तेव्हा गप्प बसला.

आणि वरच्या मजल्यावर हे. आमचे हे — तेव्हा आमचे नव्हते. रेकॉर्डिस्ट. काचेची खोली वगैरे काही नव्हतं तेव्हा. गायला बसायचे त्याच खोलीत दाराशी एक जाड पडदा, पडद्यामागे मशीन, मशीनमागे हे. दारावर लाल दिवा — लागला की आत यायचं नाही. त्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन वर गेले. दिवा लागलेला नव्हता. — नव्हता म्हणजे नव्हता! ह्यांनी मरेपर्यंत सांगितलं की होता. मी आजही तोंडावर सांगेन, नव्हता, बल्ब गेला होता. मी दार ढकललं. आणि ते दार — कर्रर्र! आत बाई गात होत्या. ह्याच, ह्या पाकिटावर हनुवटीला बोट लावून बसल्यात त्या. दुसरं कडवं संपलेलं, तिसरं सुरू व्हायचं, मधली ती एवढीशी शांतता, आणि त्या शांततेत माझं कर्रर्र! मी मागच्या मागे पळणार, तेवढ्यात पडद्याआडून हळूच आवाज आला — “थांब गं.” बस. दोन शब्द. बरोबर होतं म्हणा, परत दार ओढलं असतं तर पुन्हा करकरलं असतं. मी थांबले. एक पाय आत, एक बाहेर. गाणं संपेपर्यंत थांबले. — आणि मग अडतीस वर्षं थांबले, त्याचं काय एवढं!

हसा आता, इथे हसायला परवानगी आहे.

पुढचं ऐका. चार दिवसांनी ती रेकॉर्ड माझ्याच टेबलावर आली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. कर्रर्र. “थांब गं.” स्वच्छ! हेडफोनमध्ये तर कानाशी वाकून बोलल्यासारखं. आता फुली मारायची, आणि चिठ्ठीत लिहायचं — कशामुळे? माझ्यामुळे. आणि यांनी तसंच पुढं पाठवलं म्हणून यांच्यामुळे. दोघांची नोकरी गेली असती. म्हणून मी फुली नाही मारली. सगळ्या नोकरीत तेवढीच एक खोटी पास केली. — काय? नोकरीसाठीच, दुसरं काय! …बरं, अकरा वेळा ऐकली मी त्या दिवशी. झालं समाधान? अकरा. एका रेकॉर्डीला एकदा ऐकायचा नियम होता.

पण ते टिकतंय कसलं! पहिली प्रत बाईंच्या घरी गेली, बाईंनी ऐकलं आणि कारखाना डोक्यावर घेतला. पहिला लॉट सगळा परत, सगळा चुऱ्याला. ह्यांनी टेपमधला तेवढा तुकडा कापला, दुसरा लॉट काढला, तो बाजारात गेला. तुमच्या घरी आहे ती दुसऱ्या लॉटमधली. वाजवून बघितलीत ना? दाराचा आवाज नाही. असणारच नाही. आता ही. लग्नाच्या दिवशी ह्यांनी माझ्या हातात दिली, ही अशीच, सीलबंद. म्हणाले, पहिल्या लॉटमधली आहे, एकच वाचवली, तुझं दार आहे आत.

आता सांगा, खरं कशावरून? पाकीट दोन्ही लॉटचं एकच. खूण असते ती रेकॉर्डवर, लेबलाशेजारी कोरलेला बारीक आकडा. तो बघायचा तर सील फोडावं लागतं. मी लगेच म्हटलं, थापा. चुऱ्याच्या दारावर माणूस उभा होता, मोजून घेत होता, तुम्ही कुठून आणलीत? हे म्हणाले, उघड आणि बघ. मी म्हटलं, उघडणार नाही, खोटं निघालं तर लग्नाच्या दिवशीच तोंड बघायची पंचाईत. झालं, तेव्हापासून हाच खेळ. भाजी खारट झाली, हे म्हणणार — दिवा लागला होता. ह्यांनी छत्री हरवली, मी म्हणणार — लॉट दुसरा आहे. पाहुण्यांना वाटायचं दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तुम्हाला सांगते, संसारात भांडायला एक पक्का विषय असावा. रोज नवा कुठून आणणार?

आणि हा माणूस बोलायचा किती? मोजून! रेकॉर्डिस्टला सवयच ती, दुसऱ्याचा आवाज पकडायचा तर आपला गिळायचा. घरीसुद्धा हं, बरं, आणि बघू. माझ्या भाच्याच्या लग्नाची कॅसेट आहे — त्यात आचारी आहे, रडणारी पोरं आहेत, माझं तर विचारूच नका, दोन्ही बाजू भरून मीच. हे नाहीत. कारण माइक ह्यांच्या हातात. जन्मभर जगाचे आवाज जपले, आणि स्वतःचा एक — एकसुद्धा कुठे ठेवला नाही. चौदा वर्षं झाली जाऊन. पहिली दोन वर्षं डोक्यात ऐकू यायचा. मग तो झिजायला लागला. सुई तीच तीच फिरली की झिजतंच.

तर ह्यांचे ते दोन शब्द, असले तर ह्या रेकॉर्डीत आहेत. नसले तर — कुठेच नाहीत. कळलं आता का नाही उघडली? मिटलेली आहे तोवर आहेत. उघडली आणि दुसरा लॉट निघाला, तर भांडण मी जिंकले. जिंकून कुणाला सांगू? त्या अँप्लिफायरला?

तुमचंही बघा किती मजेचं आहे. तुम्हाला पहिल्या लॉटमधली हवी, म्हणून तर तीन खेपा घातल्यात. आणि हवी सीलबंद! म्हणजे आहे की नाही ते तुम्हालाही कधी कळणार नाही. तुम्ही कपाटापुढे उभे राहून जे कराल ना, तेच मी चौदा वर्षं करतेय. शहाणे दोघेही.

काय? पुन्हा बोला. — पुन्हा. — अहो, ऐकू येतंय, समजत नाहीये! …आज का विचारात पडले, असं ना? पडले नाही. मी कशात पडत नाही. जरा डॉक्टरकडे गेले होते, एवढंच. शेजारीण मागे लागली — म्हणे दुकानातला फोन वाजत राहतो, तुम्ही उचलत नाही. डॉक्टर कसला, पोरगीच ती. मला पेटीत बसवलं, कानाला हेडफोन — मला! — आणि म्हणाली, आजी, आवाज आला की बोट वर करा. मी बोट वर करायला टपून बसले. बसले, बसले. शेवटी दार उघडून विचारलं, सुरू कधी करणार? ती म्हणाली, आजी, संपलं.

वरचे सूर गेलेत म्हणे. बारीक, किरकिरे, ते आधी जातात. खालचे अजून आहेत, तेही निघालेत सामान बांधून. वर्षभरात, ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या मशीनची सुई बदल.

— दार खरंच करकरतं का हो?

हं.

बरं. …बरं. मग आता बसून राहण्यात अर्थ नाही. उठा, ती कडी लावा. गिऱ्हाईक नको मध्ये. लावलीत? घट्ट? आता इकडे या आणि ओरडायचं नाही. — अहो, नख लावतेय, सुरी नाही! उघड्या कडेनं, असं, अंगठ्यानं, एका दमात — झालं. श्वास घ्या, काही मेलं नाही. बावन्न वर्षं तुमच्या किमतीची होती, आता माझ्या किमतीची झाली. वास बघा. अजून कारखान्याचा आहे. — आकडा बघायचा नाही! अंगठा ठेवलाय मी त्यावर. डोळ्यांनी नाही कळून घ्यायचं हे. माझ्या चष्म्याला दिसणारही नाही, आणि तुम्ही सांगितलेलं मी मानणार नाही. व्वा, काय काळी आहे! दिवा दिसतोय आत.

दुसरी बाजू. तिसरं गाणं. सुई नवी आहे, सकाळीच घातली. — हो, सकाळीच. तुम्ही यायच्या आधी. गप्प बसा.

हं, टेकवली सुई.

…बाई काय गायच्या नाही? मी इथे खोट शोधत बसायचे, गाणं कधी ऐकलंच नाही. पहिलं कडवं. — श्श. — दुसरं. आता. आता मधली —

…

…गेलं. तिसरं कडवं सुरू झालं. गेलं पुढे. नव्हतंच. काहीच नाही. दुसरा लॉट! बघा, म्हटलं नव्हतं मी? अडतीस वर्षं सांगत होते मी ह्या माणसाला, की —

तुम्ही दाराकडे का बघितलंत?

नाही, आत्ता. आत्ता गर्रकन मान वळवून दाराकडे बघितलंत. का? कोण आलं? कडी लावलीये! कडी तुम्ही स्वतःच्या हातानं लावलीत, कोण येणार? — करकरलं? काय करकरलं? — अहो, ते दार नाही! ते हे दार नाही!

आणि नंतर? नंतर काही — नको. नको, सांगू नका, तोंड मिटा. सांगितलंत तर तुमच्या आवाजात राहील ते. सुई मागे घेते. जरासं मागे… दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला. आवाज वाढवते, वाढू दे, शेजारणीला ऐकू गेलं तर जाऊ दे. सरका. हनुवटी टेकवू दे मला. ह्या कडेला, स्पीकरच्या लाकडावर. बोलू नका. हलूही नका.

…

…

हं.

दिवा लागला नव्हता. पण बाकी तुमचं खरं हो.

…काय बघताय? डोळ्यात काही नाही माझ्या, जुनं लाकूड आहे, धूळ असते. निघा आता. पाकीट हवं तर घेऊन जा, तुमच्या कपाटात शोभेल, आत काही नसलं तरी तुम्हाला कुठे वाजवायचंय! कडी काढा. आणि त्या दाराला तेल घालायला माणूस पाठवतो म्हणालात ना मघाशी, नका पाठवू. करकरू दे.